कामगारांचे आरोग्यधाम आणि डोंगरावरचे हॉटेल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या चळवळीच्या परिघाबाहेरचा वाटेल. एखाद्या जुन्या ऐतिहासिक वास्तूचे डोंगरावरच्या हॉटेलात रूपांतर करावे की करू नये, हा प्रश्न वास्तुशिल्पज्ञांनी, पुरातत्त्वज्ञांनी किंवा फार तर पर्यटन खात्याने सोडवावा. श्रमिकांच्या पक्षाला त्याचे काय, असे आपल्यापैकी काहींना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सामाजिक मालमत्ता खासगी उपभोगाकडे कोणत्या वाटांनी सरकते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. कारखाना विकला जातो तेव्हा निदान मोर्चा निघतो, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. पडीक इमारतीचे हॉटेल होते तेव्हा मात्र सर्वजण समाधान व्यक्त करतात, कारण पडीक इमारत वाचलेली असते. त्या समाधानात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : इमारत वाचली, पण ती ज्यांच्यासाठी उभारली होती त्यांचा तिच्यावरील हक्क वाचला काय?

या प्रश्नाचा विचार अधांतरी करण्यापेक्षा आपण एका प्रत्यक्ष इमारतीच्या आधारे करू. ही इमारत पोर्तुगालमध्ये आहे. पोर्तुगाल हा देश आपल्याला सर्वस्वी परका नाही. गोव्याच्या मुक्तिसंग्रामात ज्या सालाझारशाहीशी आपल्या आधीच्या पिढीतील सत्याग्रही झुंजले, त्याच राजवटीच्या काळात ही इमारत उभी राहिली. तिच्या पुढील भवितव्यात भारताचाही एक अप्रत्यक्ष हात आहे. त्याकडे मी येणारच आहे.

रेल्वे कामगारांचे आरोग्यधाम

मध्य पोर्तुगालमध्ये सेर्रा दा एस्त्रेला नावाची पर्वतराजी आहे. पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उंच शिखर तेथेच. त्याची उंची दोन हजार मीटरना जेमतेम कमी. या डोंगराच्या उतारावर कोविल्या हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव वसले आहे. डोंगरात मेंढ्या, ओढ्यांचे पाणी आणि खाली कापड विणणारे हात, अशा तिहेरी आधारावर हे गाव शतकानुशतके जगले. गावाच्या वर, सुमारे १२०० मीटर उंचीवर, रेल्वे कंपनीने आपल्या कामगारांसाठी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम बांधावयास घेतले. आराखडा कोत्तिनेल्ली तेल्मो या वास्तुशिल्पज्ञाचा. तो रेल्वेच्याच सेवेतला. पुढे १९४० च्या लिस्बन येथील भव्य प्रदर्शनाचा प्रमुख वास्तुशिल्पज्ञ म्हणून त्याचे नाव गाजले. इमारत १९३६ मध्ये पूर्ण झाली, पण रुग्णांसाठी तिचे दरवाजे उघडले ते १९४४ मध्ये. म्हणजे आठ वर्षे खाटा होत्या, डोंगरावरची हवा होती, खाली खोकणारे कामगारही होते. नव्हती ती दवाखाना चालवण्याची व्यवस्था. सामाजिक खर्चाला नेहमी शेवटच्या पंगतीत बसवणाऱ्या राजवटीचे हे लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रेल्वे कामगारांसाठीच आरोग्यधाम का? त्या काळी क्षय हा युरोपातही श्रमिकांचा रोग होता. कोळशाचा धूर, रात्रपाळ्या, कोंदट चाळी, अपुरे अन्न यांनी पोखरलेल्या छातीत तो घर करी. त्यावर औषध नव्हते. स्वच्छ हवा, ऊन, विश्रांती आणि पौष्टिक आहार हाच उपचार. म्हणून युरोपभर डोंगरांवर आरोग्यधामे उभी राहिली. त्यांच्या लांबलचक ओसऱ्या, मोठ्या खिडक्या, उन्हाकडे तोंड केलेल्या खोल्या यांचे सौंदर्य आज आपण वाखाणतो. मूळात तो औषधयोजनेचाच भाग होता. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीला आणि पाचगणीला क्षयरुग्णालये निघाली ती याच विचाराने.

या आरोग्यधामांतही वर्गभेद होताच. स्वित्झर्लंडमधील दावोसच्या वर शात्साल्प येथे १९०० साली सुरू झालेले आरोग्यधाम हे युरोपातील धनिकांचे होते. १९५० नंतरच्या दशकात त्याचे हॉटेल झाले. श्रीमंतांची वास्तू श्रीमंतांकडेच राहिली. त्या स्थित्यंतरात समाजाने काही गमावले असे म्हणता येणार नाही. कोविल्याची गोष्ट निराळी. तेथील इमारत कामगारांच्या नावाने उभी राहिली होती. कागदोपत्री मालकी कंपनीची असेल. परंतु कंपनीने हा पैसा आकाशातून आणला नव्हता, रूळ टाकणाऱ्यांच्या आणि इंजिनात कोळसा ओढणाऱ्यांच्या श्रमातूनच तो निर्माण झाला होता.

इमारत रिकामी का झाली?

हॉटेलाचे समर्थक नेहमी सांगतात की, जुनी वास्तू ओस पडलीच होती, आम्ही तिला जीवदान दिले. तेव्हा ती ओस का पडली, याचाही शोध घेतला पाहिजे. दुर्लक्ष हे एकच कारण प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. कोविल्याच्या बाबतीत मुख्य कारण आनंदाचे आहे. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड उपयोगात आले, आणि क्षय औषधांनी बरा होऊ लागला.

येथेच भारताचा संबंध येतो. १९५६ मध्ये मद्रास शहरात क्षयरोगावरील औषधोपचारांचे एक संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम. तेथील संशोधकांनी १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषधे दिली. घरच्या रुग्णांना ना डोंगरावरची हवा, ना पुरेशी विश्रांती, ना सकस आहार. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी दाखवून दिले की, दोन्ही गटांतील रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे होतात, आणि घरातील इतरांना संसर्गाचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. मद्रासच्या वस्त्यांतील त्या रुग्णांनी जगभरच्या आरोग्यधामांच्या अस्तित्वाचा आधारच काढून घेतला. याबद्दल आपण खेद करण्याचे कारण नाही. गरिबाला कुटुंब आणि रोजगार सोडून वर्ष-वर्ष डोंगरावर पडून राहावे लागू नये, ही प्रगतीच आहे. क्षय मात्र संपलेला नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आजही भारतात आहेत, आणि तो आजही मुख्यतः अर्धपोटी माणसाचाच रोग आहे. उपचाराची जागा बदलली. रोगाचा वर्ग बदललेला नाही.

कोविल्याच्या इमारतीला मध्यंतरी आणखी एक उपयोग लाभला, तोही सांगितला पाहिजे. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली. पुढच्याच वर्षी मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले आणि आफ्रिकेतून पाच लाखांहून अधिक माणसे पोर्तुगालमध्ये परतली. त्यांतील अनेकांपाशी घर नव्हते, काम नव्हते. नव्या सरकारने त्यांच्यासाठी रिकाम्या इमारती तर खुल्या केल्याच, पण चांगल्या चांगल्या हॉटेलांच्या खोल्याही ताब्यात घेऊन त्यांत या कुटुंबांना ठेवले. कोविल्याच्या आरोग्यधामातही अशी कुटुंबे काही काळ राहिली. या घटनेचा अर्थ नीट समजून घ्या. वास्तूचा उपयोग काय व्हावा, हे दगडचुन्याने ठरत नाही आणि 'बाजाराच्या मागणी'नेही अपरिहार्यपणे ठरत नाही. राजकीय इच्छा असली तर हॉटेल निर्वासितांचे घर होऊ शकते, आणि ती नसली तर कामगारांचे आरोग्यधाम हॉटेल होते.

ती कुटुंबे गेल्यावर मात्र इमारत पडीक झाली. डोंगरावरचा बर्फ, वारा आणि चोरटे यांनी तिचे होते नव्हते ते नेले.

आरोग्यधामाचे हॉटेल

पोर्तुगालमध्ये 'पोसादा' नावाची सरकारी विश्रामगृहांची परंपरा आहे. सालाझारच्या प्रचार खात्याचा प्रमुख आन्तोनियो फेर्रो याच्या कल्पनेतून ती निघाली. पहिली पोसादा १९४२ मध्ये एल्वास येथे सुरू झाली; १९५१ मध्ये ओबिदोसच्या किल्ल्यात पोसादा उघडली, आणि तेव्हापासून किल्ले, मठ, जुने वाडे यांत अशी हॉटेले काढण्याची प्रथा पडली. क्रांतीनंतर १९७६ मध्ये या सर्वांसाठी सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. २००३ मध्ये मात्र या हॉटेलांचे व्यवस्थापन एका मोठ्या खासगी हॉटेल-समूहाकडे सोपवण्यात आले. कंपनीतील बहुमताचा हिस्सा शासनाकडे राहिला, कारभार खासगी हाती गेला.

कोविल्याचे आरोग्यधाम १९९० नंतरच्या दशकात या सरकारी कंपनीकडे आले. एदुआर्दो सोतो द मोरा या नामवंत वास्तुशिल्पज्ञाने त्याच्या रूपांतराचा आराखडा केला, आणि २०१४ मध्ये तेथे पोसादा सुरू झाली. काम उत्तम झाले आहे, याविषयी वाद नाही. बाह्यरूप जपले गेले, पडझड थांबली. हा वास्तुशिल्पज्ञ साधा नव्हे. त्याला २०११ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळालेले आहे, आणि बोरो येथील जुन्या मठाचे त्याने केलेले रूपांतर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जाते. तेव्हा माझा आक्षेप शिल्पकामावर नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हिशेबाची वही पाहायची आहे.

डोंगरावरच्या हॉटेलाचे अर्थकारण शहरातील हॉटेलापेक्षा वेगळे असते. रस्ता, पाणी, वीज, हिवाळ्यातील उष्णता यांचा खर्च मोठा. इमारत जुनी असली तर दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाहूनही अधिक होऊ शकतो. गिऱ्हाईक मात्र हंगामी. सेर्रा दा एस्त्रेलावर बर्फाचा हंगाम थोडक्या महिन्यांचा, आणि एरवी शनिवार-रविवार सोडले तर खोल्या रिकाम्या. म्हणजे स्थिर खर्च भारी आणि उत्पन्न चढउताराचे. असा धंदा निव्वळ खासगी भांडवलाच्या बळावर फारसा कोणी अंगावर घेत नाही. म्हणूनच जगभर एकच नमुना दिसतो : वास्तू समाजाची, रस्ता समाजाचा, दुरुस्तीच्या भांडवलाचा मोठा वाटाही समाजाचाच, आणि चालवण्याचा करार खासगी. धोका सार्वजनिक आणि नफा खासगी, असे सूत्ररूपाने म्हटले तर वावगे होणार नाही. शिवाय अशा हॉटेलाचा सर्वांत मौल्यवान माल कोणता? इतिहास आणि डोंगर. या दोहोंपैकी एकही हॉटेलवाल्याने निर्माण केलेला नाही. त्यांच्यामुळे खोलीच्या भाड्यात जी वाढ होते, ती श्रमाची किंवा कल्पकतेची कमाई नसून स्थानाची खंडणी आहे. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले, ते येथे तंतोतंत लागू पडते. मग हा खंड कोणाच्या पदरी पडावा, हाच खरा वादाचा मुद्दा.

त्याच गावातील दुसरी वास्तू

आपल्यापैकी कोणी विचारील की, हॉटेल नाही तर दुसरे काय करणार? इमारत पडू द्यायची काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कोविल्या गावातच मिळते. १७६४ मध्ये पोंबाल या प्रधानाच्या काळात तेथे राजाचा कापड-कारखाना स्थापन झाला होता. तो कारखाना पुढे बंद पडला. त्याच्या इमारतीत सैन्याची बराक आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावातील लोकरीच्या गिरण्या एकामागून एक अडचणीत येऊ लागल्या, तेव्हा तेथे उच्च शिक्षणाची संस्था काढण्यात आली. १९७३ मध्ये तंत्रशिक्षण संस्था म्हणून सुरू झालेली ही संस्था १९८६ मध्ये विद्यापीठ झाली, आणि राजाच्या कापड-कारखान्याची इमारत विद्यापीठाचे आवार बनली. दुरुस्तीच्या वेळी जमिनीखाली जुन्या रंगशाळेचे हौद सापडले. ते जपून तेथेच लोकरीच्या उद्योगाचे संग्रहालय केले गेले. ज्या आवारात आजोबांनी कापड रंगवले, तेथे नातवंडे अभियांत्रिकी शिकू लागली.

एकाच गावात दोन श्रमिक-वास्तू. एकीचे विद्यापीठ झाले, दुसरीचे हॉटेल. दोन्ही इमारती वाचल्या. परंतु गिरणी कामगाराच्या मुलाला पहिलीत प्रवेश गुणांवर मिळतो, दुसरीत पैशावर. मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले, हे आपण जाणतोच. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतील जो वाटा मोकळ्या जागेसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ठरवला होता, तो २००१ च्या दुरुस्तीने आक्रसला, आणि चिमण्यांच्या सावलीत मॉल उभे राहिले. भारतात दुसरी वाट अनोळखी होती असे नाही. शिमल्याच्या डोंगरावरील व्हाइसरॉयचा १८८८ चा प्रासाद स्वातंत्र्यानंतर राष्ट्रपतींचे निवासस्थान होता. त्याहून आकर्षक हॉटेल हिमालयात कोणते झाले असते? पण राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी ती वास्तू विद्येसाठी दिली, आणि १९६५ पासून तेथे प्रगत अध्ययनाची संस्था आहे.

चार कसोट्या

तर मग प्रत्येक हॉटेलाला विरोध करायचा काय? माझे मत तसे नाही. प्रत्येक किल्ल्यात विद्यापीठ काढता येणार नाही. पर्यटनातून डोंगराळ भागातील तरुणांना काम मिळू शकते आणि ते मिळाले पाहिजे. परंतु रूपांतराचा प्रस्ताव पुढे आला म्हणजे आपण चार कसोट्या लावल्या पाहिजेत.

पहिली कसोटी मालकीची आणि मिळकतीची. स्पेनमध्ये 'पारादोर' नावाची अशीच हॉटेले आहेत. पहिले १९२८ मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात सुरू झाले. आज नव्वदांहून अधिक पारादोर आहेत, त्यांतील अनेक किल्ल्यांत आणि मठांत. आणि त्यांची कंपनी आजही संपूर्णपणे शासनाच्या मालकीची आहे. म्हणजे सरकारला हॉटेल चालवता येत नाही, हे विधान सिद्धांत नव्हे, सबब आहे. शेजारच्या दोन देशांनी एकाच प्रकारच्या वास्तूंबाबत दोन वेगळे मार्ग धरले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी कसोटी कराराची. शिमल्यानजीक छराबडा येथे वाइल्डफ्लॉवर हॉल ही ब्रिटिश अमदानीतील प्रसिद्ध जागा आहे. सेनापती किचनर तेथे राहत असे. पुढे तेथे हॉटेल झाले, कालांतराने ते हिमाचल प्रदेशाच्या पर्यटन यंत्रणेकडे आले, आणि १९९३ मध्ये आगीत भस्मसात झाले. १९९५ मध्ये राज्याने एका खासगी हॉटेल-समूहाशी संयुक्त कंपनी काढली; राज्याचा मुख्य वाटा जमिनीचा. नवे आलिशान हॉटेल उभे राहिले, पण कराराच्या पूर्ततेवरून वाद झाला आणि २००२ मध्ये राज्याने करार रद्द केला. त्यानंतर लवाद आणि न्यायालये यांत दोन दशके गेली. ताबा राज्याकडे आला तो २०२५ मध्ये. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा मी करीत नाही. मला इतकेच सांगायचे आहे की, जमीन देताना एका दिवसात होणारी सही परत फिरवायला एक पिढी लागते. म्हणून मुदत, भाडे, नफ्यातील वाटा, हिशेबतपासणी आणि ताबा परत घेण्याच्या अटी यांवर वाद घालायचा तो सही होण्यापूर्वी.

तिसरी कसोटी प्रवेशाची आणि रोजगाराची. पूर्वी जेथे गावकरी गुरे नेत होते, जत्रेला जात होते, तेथे आता दरवान उभा राहणार काय? नोकऱ्या मिळणार त्या हंगामापुरत्या कंत्राटी, की बारमाही आणि संरक्षित? गावाचे पाणी हॉटेलाच्या स्नानगृहांकडे वळणार काय? या प्रश्नांची उत्तरे प्रस्तावात लेखी नसतील, तर ती नाहीत असेच समजावे.

चौथी कसोटी स्मृतीची. अनेकांना ती भावनिक वाटते, पण तिचे मोल मोठे आहे. येथे सार्वजनिक मालकीही पुरेशी पडत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. स्पेनमधील लेओन शहरातील सान मार्कोस हा जुना मठ यादवी युद्धाच्या काळात फ्रँकोच्या फौजांचा बंदिवास होता. हजारो प्रजासत्ताकवाद्यांना तेथे डांबले होते. फ्रँकोच्याच राजवटीत १९६० नंतरच्या दशकात त्याचे ऐषआरामी पारादोर झाले. मालकी सरकारची होती. पण जेथे कैद्यांचे हाल झाले त्या भिंतींना गालिच्यांची शोभा आली.

याउलट उदाहरण पेनिशचे. पोर्तुगालच्या समुद्रकिनाऱ्यावरील हा किल्ला सालाझारशाहीचा राजकीय तुरुंग होता. डॉ. लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावी सभाबंदी मोडली, त्यानंतरच्या लढ्यात पकडलेले त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे हे गोमंतकीय नेते हजारो मैलांवरच्या याच किल्ल्यात पाठवले गेले. २०१६ मध्ये पोर्तुगाल सरकारने खासगी पर्यटन-प्रकल्पांसाठी द्यावयाच्या राष्ट्रीय वास्तूंची यादी केली, तीत पेनिशचा समावेश होता. माजी राजबंद्यांनी आणि लोकशाहीवादी नागरिकांनी निषेधाचा आवाज उठवला. त्याच वर्षी सरकारला पेनिशचे नाव यादीतून काढावे लागले, आणि तेथे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय करण्याचा निर्णय झाला. त्याचा पहिला भाग २०१९ मध्ये आणि संपूर्ण संग्रहालय एप्रिल २०२४ मध्ये, क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी, खुले झाले. गोव्याच्या लढ्याशी निगडित एक वास्तू पोर्तुगीज जनतेने हॉटेल होण्यापासून वाचवली. आपल्याकडे मात्र ज्या तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला, त्याचे हॉटेल करण्यात आले, आणि त्यावर फारशी खळबळही झाली नाही.

महाराष्ट्रातील आपले काम

आता आपल्या घराकडे वळू. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील सुमारे २५ किल्ले दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हॉटेल व समारंभांसाठी देण्याच्या धोरणाची बातमी आली आणि महाराष्ट्र खवळून उठला. शिवकालाशी निगडित व संरक्षित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, विचार केवळ असंरक्षित किल्ल्यांचा आहे, असा खुलासा सरकारने केला. त्यानंतर वादळ शमले. त्या क्षोभामागील भावनेचा मी आदर करतो. परंतु त्या चर्चेत पावित्र्याचा मुद्दा जितका आला, तितका मालकीचा आला नाही. जो किल्ला थोर पुरुषाच्या नावाशी जोडलेला नाही, त्याला जणू कोणी वाली नाही, असाच त्या खुलाशाचा अर्थ होत होता. समाजवाद्यांनी हे मान्य करता कामा नये. लहानशा, नाव नसलेल्या किल्ल्याचा तटही कोणीतरी डोक्यावरून दगड वाहूनच रचला आहे. त्याचा घेरा रामोशी, महार, कोळी, मराठा अशा पायथ्याच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला. त्यांचे वंशज आजही त्याच पायथ्याशी राहतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्या बायका हंडाभर पाण्यासाठी कोस-कोस चालतात. किल्ल्यावर हॉटेल झाले तर पाणी वर चढेल. ते वाटेत वाडीवर थांबेल काय, हे आपण विचारले पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण यामुळे डोंगरांकडे पर्यटकांचा आणि त्यांच्या मागोमाग भांडवलाचा ओघ वाढेल, हेही उघड आहे. यादीतील किल्ल्यांना कायद्याचे संरक्षण असेल. दडपण येईल ते त्यांच्या शेजारच्या असंरक्षित किल्ल्यांवर, जुन्या डाकबंगल्यांवर, संस्थानिकांच्या वाड्यांवर, धर्मशाळांवर आणि थंड हवेच्या ठिकाणच्या बंद पडलेल्या रुग्णालयांवर.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारी आहे. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा सार्वजनिक वास्तूंची यादी करावी. तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयातून सातबारा व मिळकत पत्रिकेचे उतारे काढून मालक कोण, वहिवाट कोणाची, भाडेपट्टा आहे काय, त्याची मुदत कधी संपते, हे नोंदवावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. चालू असलेल्या करारांच्या प्रती त्याखाली मागवाव्यात. गावातील म्हाताऱ्यांकडून त्या वास्तूचा इतिहास लिहून घ्यावा : कोणी बांधली, कोण राबले, कोणाला तेथे आश्रय मिळाला. मग ग्रामसभेत तिच्या उपयोगाचा आपला स्वतःचा प्रस्ताव मांडावा. शाळा, वसतिगृह, ग्रंथालय, आणि जेथे शक्य असेल तेथे स्थानिकांच्या सहकारी संस्थेने चालवलेले विश्रामगृहसुद्धा. सहकार ही महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. तिच्यात दोष शिरले, तिचे दरबार झाले, हे खरे. तरीही डोंगरावरच्या वीस खोल्या चालवण्याएवढी शक्ती आपल्या लोकांत निश्चित आहे.

पेनिशच्या राजबंद्यांचा आवाज ऐकला गेला, कारण यादी प्रसिद्ध होताच बोलणारी माणसे तयार होती. कोविल्याच्या रेल्वे कामगारांच्या बाबतीत तसे झाले नाही. इमारत कित्येक वर्षे पडीक राहिली आणि त्या काळात तिच्यावरील त्यांच्या हक्काची आठवणही विरून गेली. पडीक काळ हाच धोक्याचा काळ असतो. हॉटेलाचा प्रस्ताव येतो तो शेवटी. त्यापूर्वी वर्षानुवर्षे वास्तू रिकामी ठेवली जाते, छपराला गळती लागू दिली जाते, आणि मग 'आता दुसरा इलाज नाही' असे सांगितले जाते. आपले काम त्या गळक्या छपरापासून सुरू झाले पाहिजे. पुढील अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील निदान एका वास्तूचे उतारे बरोबर आणावेत, म्हणजे त्या दिवशी आपल्याला भाषणाऐवजी कामाची वाटणी करता येईल.